साक्यातून प्रथिन परत मिळवताना: इन्क्लूजन बॉडीपासून कार्यक्षम रेणूपर्यंत

ई. कोलाय जिवाणूत जनुक घातले, ते चालू करणारे आयपीटीजी हे रसायन दिले आणि जेलवर हव्या त्या जागी जाडजूड पट्टा आला. मग पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केल्यावर कळते की तो पट्टा सगळाच्या सगळा साक्यात आहे, वरच्या द्रावणात त्याचा मागमूस नाही. हा साका म्हणजे इन्क्लूजन बॉडी, पेशीत साचलेल्या चुकीच्या घडीच्या प्रथिनाच्या गुठळ्या. त्या विरघळवून प्रथिनाची योग्य घडी पुन्हा पाडणे म्हणजे रीफोल्डिंग. गोव्यात जैवतंत्रज्ञानाचे एमएस्सी प्रकल्प करणाऱ्यांपैकी कुणा ना कुणाच्या वाट्याला हे येतेच. हातात कुठल्या तरी शोधनिबंधातली कृती असते. तिच्यात अमुक इतके आर्जिनिन, तमुक इतके ग्लुटाथायोन असे लिहिलेले असते, पण ते का घालायचे हे नसते. दुसऱ्याच्या प्रथिनाची कृती आपल्या प्रथिनाला जशीच्या तशी लागू पडणे हा योगायोग असतो. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीसोबत तिच्यामागचे कारण दिले आहे. कारण कळले की कृती आपल्या प्रथिनाप्रमाणे बदलता येते.

शर्यत कोणाकोणात आहे

क्रिस्तियन आनफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज ए हे १२४ अमिनो आम्लांचे एंझाइम ८ मोलर युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉलमध्ये पुरते उलगडले, दोन्ही रसायने काढून टाकली आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या संगतीत ते आपसूक मूळ घडीत परतते हे दाखवले. त्यातल्या आठ सिस्टीनच्या (गंधक असलेले अमिनो आम्ल) डायसल्फाइड बंधांनी चार जोड्या लावण्याचे १०५ मार्ग आहेत आणि रेणू त्यातला नेमका एक निवडतो. या कामासाठी त्यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. घडीची सगळी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, हा रीफोल्डिंगचा पाया तिथे घातला गेला.

मग आपल्या चंचुपात्रात पांढरा गढूळपणा का येतो? घडी पडणे हे एकट्या रेणूचे काम आहे. त्याचा वेग शेजारी किती रेणू आहेत यावर अवलंबून नसतो. गुठळी व्हायला मात्र दोन रेणू भेटावे लागतात. अर्धवट घडीतल्या रेणूचा पाण्याला घाबरणारा भाग उघडा असतो आणि तसाच दुसरा भेटला की ते चिकटतात. त्यामुळे प्रथिनाचे प्रमाण दुप्पट केले तर गुठळीचा वेग चौपट किंवा त्याहूनही जास्त होतो आणि घडीचा वेग आहे तेवढाच राहतो. पुढे येणारी प्रत्येक युक्ती या शर्यतीत घडीला पुढे काढण्यासाठी आहे. पातळ करणे, थंड ठेवणे, आर्जिनिन, थोडा उरलेला युरिया, थेंबाथेंबाने मिसळणे, सगळे त्यासाठीच.

आधी विचारा: रीफोल्डिंग खरेच हवे का?

साका बघून लगेच युरियाची बाटली उघडू नका. आधी वाढीचे तापमान ३७ वरून १६–१८ अंशांवर आणा, आयपीटीजी १ मिलीमोलरऐवजी ०.१ मिलीमोलर द्या, रात्रभर वाढवा. एमबीपी किंवा सुमो या सहज विरघळणाऱ्या प्रथिनांची जोड लावून पाहा. डायसल्फाइड असलेल्या प्रथिनाला पेशीच्या आतले वातावरण ते बंध टिकू देत नाही. तिथे पेशीच्या आत हे बंध बनू देणारा शफलसारखा स्ट्रेन किंवा पेलबी संकेत लावून पेरिप्लाझममध्ये (दोन पटलांमधल्या जागेत) पाठवणे हे मार्ग आहेत. घडी पडायला मदत करणारी ग्रोईएल-ग्रोईएस ही प्रथिने सोबत व्यक्त करणारे प्लाझ्मिडही मिळतात.

इथे आपल्याकडची एक अडचण आहे. १८ अंशांचा शेकर म्हणजे थंड करणारा शेकर, आणि तो सगळ्या महाविद्यालयांत नसतो. मे महिन्यात साध्या शेकरचे तापमान खोलीच्या खाली उतरतच नाही. अशा वेळी रीफोल्डिंग हाच व्यवहार्य मार्ग ठरतो आणि त्यात कमीपणा काही नाही. १९८२ मध्ये मंजुरी मिळालेले पहिले पुनर्संयोजित मानवी इन्सुलिन ई. कोलायमधूनच आले, आणि ई. कोलायमध्ये बनणारे जीसीएसएफ (पांढऱ्या रक्तपेशी वाढवणारे औषधी प्रथिन) आजही इन्क्लूजन बॉडीतून रीफोल्ड करून काढतात. इन्क्लूजन बॉडीचे दोन फायदेही आहेत: प्रथिन भरपूर असते, आणि प्रथिने तोडणाऱ्या प्रोटिएज एंझाइमांपासून बऱ्यापैकी सुरक्षित असते.

इन्क्लूजन बॉडी धुणे

या पायरीला सगळे घाई करतात, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी इथून निघतात. गाळातली इतर प्रथिने, पटलाचे तुकडे आणि डीएनए रीफोल्डिंगच्या वेळी गुठळीला सुरुवात करून देतात.

१. पेशी ५० मिलीमोलर ट्रिस पीएच ८.०, १०० मिलीमोलर मिठात घ्या. लायसोझाइम (पेशीभित्तिका तोडणारे एंझाइम) आणि ऐन वेळी पीएमएसएफ (प्रोटिएज रोखणारे रसायन) घाला. पीएमएसएफ पीएच ८ च्या पाण्यात अर्ध्या-पाऊण तासात निम्मे निकामी होते, त्यामुळे सकाळी घालून ठेवलेले दुपारी उपयोगाचे नाही. ते विषारी आहे, हातमोजे घाला. लायसोझाइमचा पट्टा जेलवर साधारण १४ किलोडाल्टनला दिसतो. तुमचे प्रथिन त्याच आकाराचे असेल तर फसगत होईल.

२. बर्फात ठेवून सोनिकेट करा, १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद. द्रावणाची तार सुटायची थांबेपर्यंत करा. तार राहिलीच तर डीएनएज आणि मॅग्नेशियम घाला. बफरमध्ये आधीच ईडीटीए असेल तर ते मॅग्नेशियम धरून ठेवते आणि डीएनएज चालत नाही. म्हणून ईडीटीए धुण्याच्या पायरीला घालावे.

३. १२,००० ते १५,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) २० मिनिटे फिरवा. अनेक लॅबच्या वहीत 'बारा हजार' एवढेच लिहिलेले असते, आरपीएम की जी ते नसते. सूत्र सोपे आहे: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग. ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर १२,००० आरपीएम म्हणजे सुमारे १२,९०० जी.

४. साका १ टक्का ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट) आणि १ मिलीमोलर ईडीटीए असलेल्या बफरमध्ये नीट मोडून घ्या, थोडे सोनिकेशन करून, आणि परत फिरवा. हे दोनदा करा. मग एक धुणे २ मोलर युरियाचे. शेवटचे धुणे ट्रायटन नसलेल्या साध्या बफरचे, कारण ट्रायटन २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो आणि पुढची मोजणी बिघडवतो.

प्रत्येक धुण्याच्या पाण्याचे थोडे नमुने जेलवर चालवा. काही प्रथिने २ मोलर युरियात हळूहळू सुटतात. तसे दिसले तर १ मोलरवर या. स्वच्छ इन्क्लूजन बॉडीचा साका खडूसारखा पांढरा आणि घट्ट असतो. वर पिवळट-तपकिरी, सैल थर दिसत असेल तर अजून धुवायचे आहे.

थांबायचे असेल तर इथेच. धुतलेला साका छोट्या वाट्यांत विभागून उणे ८० अंशांवर महिनोन्‌महिने राहतो. चवथीची सुट्टी तोंडावर असेल तर साका गोठवून घरी जा. युरियात विरघळवलेले प्रथिन सुट्टीभर ठेवून जाऊ नका.

विरघळवणे

नेहमीचे द्रावण: ८ मोलर युरिया किंवा ६ मोलर ग्वानिडिन हायड्रोक्लोराइड, ५० मिलीमोलर ट्रिस पीएच ८.५, १ मिलीमोलर ईडीटीए, १० ते २० मिलीमोलर डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन). प्रथिनात सिस्टीन असेल तर डीटीटी हवेच, कारण इन्क्लूजन बॉडीत चुकीच्या जोड्या लागलेल्या असू शकतात. पीएच ८ च्या वर ठेवायचे, कारण सिस्टीनचा गंधकगट साधारण ८.३ च्या आसपास प्रोटॉन सोडतो आणि प्रोटॉन सोडलेला गटच अदलाबदल करतो.

युरियाबद्दल जरा थांबून सांगतो. झुआरीनगरच्या खत कारखान्यातून युरियाची पोती बाहेर पडतात, पण तो युरिया इथे चालत नाही. शेतीच्या युरियात बाययुरेट असते आणि वर निंबोळी तेलाचा लेप असतो. रेणवीय जीवशास्त्राच्या दर्जाचाच घ्या. १०० मिलिलिटर ८ मोलरसाठी ४८ ग्रॅम लागतो आणि तो विरघळल्यावर बरीच जागा घेतो. म्हणून सुरुवातीला पाणी ५५ मिलिलिटरच घ्या, नाहीतर शंभरची खूण ओलांडाल. विरघळताना तो उष्णता ओढून घेतो, चंचुपात्र गार पडते आणि काम मंदावते. तेव्हा कोमट पाण्यात धरा, पण हॉट प्लेटवर कधीच नाही. युरिया द्रावणात हळूहळू सायनेटमध्ये बदलतो, उष्णतेने ते वेगाने होते, आणि सायनेट लायसिनला व साखळीच्या पहिल्या टोकाला चिकटते. प्रत्येक चिकटण्याने ४३ डाल्टनची भर पडते. अशा प्रथिनाची घडी पडली तरी ते मूळ प्रथिन राहत नाही. द्रावण त्याच दिवशी करा, शक्य असेल तर मिश्र आयन-विनिमय रेझिनवरून फिरवून घ्या, उरलेले टाकून द्या.

जून ते सप्टेंबर आपल्या हवेत इतकी आर्द्रता असते की उघडी राहिलेली बाटली ओल धरते. ग्वानिडिन तर युरियापेक्षा जास्त. मग वजन बरोबर असूनही प्रमाण कमी भरते. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर खात्री करता येते: युरियाचे द्रावण आणि त्याच बफरचे युरियाविना द्रावण यांच्या अपवर्तनांकातला फरक ८ मोलरला सुमारे ०.०६६ येतो.

ग्वानिडिन जास्त ताकदवान आहे आणि सायनेटचा प्रश्न आणत नाही. हट्टी साक्याला तेच वापरा. पण ग्वानिडिन असलेला नमुना सरळ एसडीएस जेलवर घालू नका, दोन्ही मिळून घट्ट साका होतो. आधी टीसीए (ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल) किंवा इथेनॉलने प्रथिन खाली बसवून, धुऊन, मग लोडिंग बफरमध्ये घ्या.

एक ग्रॅम ओल्या साक्याला साधारण १० मिलिलिटर द्रावण घ्या, एक-दोन तास हलवत ठेवा, मग १५,००० जी ला २० मिनिटे फिरवा. खाली राहिलेला कण न्‌ कण मागे सोडा. न विरघळलेला कण रीफोल्डिंग बफरमध्ये गेला की गुठळीचे बीज होतो. डीटीटी पीएच ८.५ ला २० अंशांवर साधारण दीड तासात निम्मे उरते, आणि एसी नसलेल्या लॅबमध्ये त्याहून लवकर संपते. काम लांबले तर थोडे ताजे घाला.

कागदावर गणित

विरघळलेले प्रथिन मोजा. २८० नॅनोमीटरचे शोषण आणि अमिनो आम्लांवरून काढलेला गुणांक पुरतो: ट्रिप्टोफॅनला ५,५००, टायरोसिनला १,४९०. कोरे द्रावण युरिया-डीटीटीसह घ्या, नुसते पाणी नव्हे. प्रथिन मोजण्याची बीसीए पद्धत डीटीटीमुळे खोटा आकडा देते. ब्रॅडफर्ड चालते, पण ट्रायटन राहिले असेल तर तीही फसते.

आता उदाहरण घेऊ. १० मिलिलिटर, मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रथिन, रेणुभार २५ किलोडाल्टन. अंतिम प्रमाण मिलिलिटरला ०.०५ मिलिग्रॅम हवे असेल तर बफर १ लिटर लागेल, शंभरपट पातळी. हे २ मायक्रोमोलर झाले. युरिया उरेल ०.०८ मोलर, डीटीटी (१० मिलीमोलर होते असे धरू) ०.१ मिलीमोलर.

या ०.१ कडे लोक बघत नाहीत. रिड्यूस्ड आणि ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोनची जोडी डायसल्फाइड बंध जोडत-मोडत योग्य जोड्या लागू देते, आणि डीटीटी त्यातल्या ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोनला जवळजवळ पुरते खाऊन टाकते. बफरमध्ये ३ मिलीमोलर रिड्यूस्ड आणि ०.३ मिलीमोलर ऑक्सिडाइज्ड घातले, म्हणजे दहास एक, तर डीटीटी मिसळल्यावर ३.२ आणि ०.२ उरतात, म्हणजे सोळास एक. विरघळवताना डीटीटी ५० मिलीमोलर घेतले असते तर ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन शून्यावर आले असते, आणि मग डायसल्फाइड का बनत नाहीत यावर आठवडे गेले असते. हे गणित प्रयोगाआधी वहीत लिहिलेले असावे असा माझा आग्रह असतो.

रीफोल्डिंग बफर: कोण काय करते

पीएच. प्रथिनाच्या समविद्युत बिंदूपासून निदान एक एकक लांब राहा. त्या बिंदूवर रेणूंवर निव्वळ भार नसतो, ते एकमेकांना दूर ढकलत नाहीत. डायसल्फाइड बनवायचे असतील तर ८ ते ८.५. ट्रिस वापरताना तापमानाचा हिशेब ठेवा: दर अंशाला पीएच सुमारे ०.०२८ ने बदलतो. आपल्या लॅबमध्ये ३० अंशांवर ८.० लावलेला ट्रिस ४ अंशांच्या खोलीत ८.७ होतो. थंड देशातल्या लॅबमध्ये २० अंशांवर लावलेल्याला तेवढा फरक पडत नाही. म्हणून पीएच थंड करूनच लावा.

आर्जिनिन. ०.४ ते १ मोलर. अर्धवट घडीतल्या रेणूंना एकमेकांना चिकटू देत नाही आणि तयार घडी फारशी मोडत नाही, म्हणून ते इतके लोकप्रिय आहे. एल-आर्जिनिन हायड्रोक्लोराइडच घ्या. मोकळे आर्जिनिन पीएच १० च्या वर नेते आणि मग भरपूर आम्ल ओतावे लागते. एका लिटरला ०.५ मोलर म्हणजे १०५ ग्रॅम. खर्च लक्षात घेता आधी १ मिलिलिटरच्या चाचणीत त्याचा खरेच उपयोग होतो का ते पाहा.

ग्लिसरॉल १० ते २० टक्के किंवा सुक्रोज घडीला स्थैर्य देतात, पण काही वेळा गुठळीलाही. ०.५ ते १ मोलर युरिया मुद्दाम ठेवणे ही स्वस्त आणि अनेकदा पुरेशी युक्ती आहे. पीईजी आणि एनडीएसबी-२०१ हेही वापरतात. चॅप्ससारखे डिटर्जंट मी शेवटी ठेवतो, कारण ते काढणे त्रासाचे असते. धातू लागणारे एंझाइम असेल तर तो धातू घाला आणि मग ईडीटीए वगळा. सहघटक लागत असेल तर तोही घाला, कधी कधी नुसत्या त्याने उत्पादन बदलते.

सिस्टीन नसेल किंवा डायसल्फाइड नको असतील तर ग्लुटाथायोनची जोडी नको, थोडे डीटीटी पुरते.

आधी लायसोझाइमवर हात बसवा

स्वतःचे मौल्यवान प्रथिन घेण्याआधी कोंबडीच्या अंड्यातले लायसोझाइम घ्या. स्वस्त आहे, १२९ अमिनो आम्ले, चार डायसल्फाइड, कार्यक्षमता मोजायला सोपे. मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, ८ मोलर युरिया, ०.१ मोलर ट्रिस पीएच ८.६, ३० मिलीमोलर डीटीटी, ३७ अंश, दोन तास. डीटीटी नसताना युरिया एकटा त्याला पुरता उलगडू शकत नाही, डायसल्फाइड त्याला धरून ठेवतात.

मग शंभरपट पातळ करा, ०.१ मोलर ट्रिस पीएच ८.२, १ मिलीमोलर ईडीटीए, दोन्ही ग्लुटाथायोन प्रत्येकी २ मिलीमोलर असलेल्या बफरमध्ये. अशा काही नळ्या लावा: एक याच बफरची, एकीत ०.५ मोलर आर्जिनिन, एकीत १.५ मोलर युरिया, एक ग्लुटाथायोनविना, आणि एकीत प्रथिन पाचपट. पहिल्या अर्ध्या तासात ३५० नॅनोमीटरला गढूळपणा बघत राहा. दुसऱ्या दिवशी फिरवून वरच्या द्रावणाची कार्यक्षमता मायक्रोकॉकस पेशींवर ४५० नॅनोमीटरला, पीएच ६.२ च्या फॉस्फेटमध्ये मोजा. शेजारी न उलगडलेले लायसोझाइम त्याच बफरमध्ये घालून मोजायला विसरू नका, नाहीतर आर्जिनिनने चाचणीवर केलेला परिणाम रीफोल्डिंगच्या नावावर जाईल. पाचपट नळी दुधासारखी झालेली पाहिली की शर्यतीचा अर्थ कुठल्याही आकृतीपेक्षा चांगला कळतो.

आपल्या प्रथिनाची चाचणीही अशीच, २४ किंवा ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये. पीएच दोन-तीन, आर्जिनिन आहे-नाही, मीठ कमी-जास्त, ग्लुटाथायोनची दोन प्रमाणे. एका वेळी एकच गोष्ट बदलत बसलात तर गोष्टींचा एकमेकींवरचा परिणाम दिसत नाही.

मिसळणे

प्रथिन बफरमध्ये घालायचे, बफर प्रथिनात नाही. उलट केले तर २ ते ४ मोलर युरियाच्या पट्ट्यात दाट प्रथिन रेंगाळते, आणि तिथे रेणू सर्वांत चिकट असतात. बफर ४ अंशांवर, फिरता असावा पण भोवरा पडून फेस येईल इतका नाही. हवा आणि पाण्याच्या सीमेवर प्रथिन उलगडते, फेस म्हणजे अशी सीमा वाढवणेच. बारीक सुईने किंवा पंपाने थेंब थेंब सोडा, थेंब लगेच पसरेल अशा जागी.

एका लिटरचे पाच लिटर करणे परवडत नसेल तर टप्प्याटप्प्याने घाला: मिलिलिटरला ०.०५ मिलिग्रॅम होईल इतके एकदा, काही तास थांबून पुन्हा तेवढेच. आधीच्या रेणूंची घडी पडलेली असल्याने ते नव्यांना चिकटत नाहीत. मात्र दर टप्प्याला युरिया आणि डीटीटी वाढत जाते, त्याचा हिशेब ठेवा.

मग रात्रभर, डायसल्फाइड असतील तर एक-दोन दिवस. थंडीत पाण्याला घाबरणाऱ्या भागांची चिकटी कमी होते, घडीही मंदावते, पण एकंदरीत फायदा घडीचा होतो. पावसाळ्यात रात्री वीज गेली तर शीतखोली तापते, म्हणून पात्र बर्फाच्या मोठ्या पेटीत ठेवून झाकण लावणे बरे.

डायलिसिस लोकांना सोपे वाटते, पण त्यात दाट प्रथिन त्याच चिकट पट्ट्यातून सावकाश जाते. करायचेच तर प्रथिन आधी पातळ करून, युरिया ६, ४, २, १, ० मोलर अशा टप्प्यांनी करा. हिस्टिडिन शेपूट असेल तर निकेल कॉलमवर रीफोल्डिंग हा फार चांगला मार्ग आहे. रेणू मण्यांना बांधलेले असतात, एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. ८ मोलर युरियात बांधा, ८ वरून ० पर्यंत सावकाश उतरवा, इमिडाझोलने सोडा. डीटीटी आणि ईडीटीए मात्र इथे चालत नाहीत, पहिले निकेलचे रिडक्शन करते, दुसरे ते उचलून नेते. कॉलमवर गर्दी करू नका, क्षमतेपेक्षा बरेच कमी प्रथिन घाला.

मिठागरातली प्रथिने

आपल्याकडे रायबंदर, आगरवाडा, हडफडे इथल्या मिठागरांतून मीठप्रेमी सूक्ष्मजीव वेगळे काढण्याची कामे होतात, आणि त्यांची एंझाइमे ई. कोलायमध्ये बनवण्याचा मोह साहजिक आहे. इथे वरची कृती फसते. मीठप्रेमी आर्किया पेशीच्या आत काही मोलर पोटॅशियम क्लोराइड बाळगतात आणि त्यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी अमिनो आम्लांची दाटी असते. मीठ नसेल तर तो ऋणभार एकमेकांना ढकलतो आणि घडी टिकत नाही. अशा प्रथिनाला १०० मिलीमोलर मिठाचा बफर दिलात तर आर्जिनिन कितीही घाला, उपयोग नाही. २ ते ४ मोलर सोडियम किंवा पोटॅशियम क्लोराइडमध्ये पातळ करून पाहा. जेलसाठी नमुना घेताना पोटॅशियम आधी काढा, तेही एसडीएससोबत साका करते.

घडी पडली का?

निवळशंख द्रावण पाहून 'जमले' म्हणू नका. विरघळलेले म्हणजे घडी पडलेले नव्हे. काही डझन रेणूंच्या गुठळ्या पाण्यात आरामात तरंगतात, ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही पार होतात. म्हणून पुरावे एकापेक्षा जास्त हवेत.

आधी १५,००० जी ला फिरवा आणि किती प्रथिन वर राहिले ते मोजा. ग्लुटाथायोनही २८० ला थोडे शोषते, तेव्हा त्याच बफरचे कोरे घ्या. मग जेल फिल्ट्रेशन: अगदी सुरुवातीला रिकाम्या आकारमानात येणारे शिखर म्हणजे गुठळ्या, रेणुभाराप्रमाणे योग्य जागी येणारे ते आपले. बऱ्याच प्रकल्पांत हे एकच शिखर दाखवले असते तर निष्कर्ष बदलला असता. ट्रिप्टोफॅनची प्रतिदीप्ती स्वस्त आणि बोलकी आहे: २९५ ला उत्तेजित केल्यावर उलगडलेल्याचे शिखर ३५० ते ३५५ ला, घडीतल्याचे बहुधा ३३० ते ३४० ला. सीडी (वर्तुळाकार द्विवर्णता मोजणारे यंत्र) असेल तर आर्जिनिन आणि क्लोराइड आधी काढा, ते कमी तरंगलांबीचा प्रकाश गिळतात.

डायसल्फाइडसाठी मोकळे गंधकगट मोजणारा एलमनचा अभिकर्मक, ४१२ नॅनोमीटर, साध्या बफरमध्ये गुणांक १४,१५० आणि ६ मोलर ग्वानिडिनमध्ये १३,७००. आधी ग्लुटाथायोन डिसॉल्टिंग करून काढा, नाहीतर त्याचेच गंधकगट मोजाल. डीटीटी न घालता चालवलेल्या जेलवर योग्य जोड्यांचा रेणू घट्ट असल्याने सहसा थोडा पुढे पळतो. नमुना उकळण्याआधी आयोडोअॅसिटामाइडने मोकळे सिस्टीन बंद करा, म्हणजे उकळताना नव्या जोड्या लागणार नाहीत.

या सगळ्यांवर कार्यक्षमता. प्रति मिलिग्रॅम कार्यक्षमता मूळ प्रथिनाच्या जवळ असेल तरच घडी खरी. उत्पादनाची टक्केवारी सांगताना 'विरघळलेले' आणि 'कार्यक्षम' हे दोन आकडे वेगवेगळे द्या. अंतिम अहवालात एकच आकडा पाहिला की मी तो परत पाठवतो.

गाढ करणे आणि साठवणे

एक लिटर पातळ द्रावण गाढ करताना दुसरी शर्यत सुरू होते. मोठे आकारमान आयन-विनिमय किंवा निकेल कॉलमवर धरणे बहुधा गाळणीपेक्षा बरे, पण आर्जिनिनचे मीठ आयन-विनिमयाच्या आड येते, तेव्हा आधी पातळ करा. अपकेंद्री गाळणी वापरत असाल तर छोट्या टप्प्यांत फिरवा आणि मधे हलक्या हाताने मिसळा, कारण पटलाजवळ प्रथिन दाटते आणि तिथेच साका धरते. आर्जिनिन एकदम काढू नका. ०.५ वरून ०.२५, मग ०.१, मग शून्य. एखाद्या टप्प्याला गढूळ झाले तर तेवढे आर्जिनिन ठेवूनच साठवा. पुढच्या प्रयोगाला ५० मिलीमोलर आर्जिनिन बहुधा अडत नाही.

गोठवताना सोडियम फॉस्फेट टाळा. पाणी गोठताना त्यातले डायसोडियम मीठ आधी स्फटिक होऊन बाहेर पडते आणि उरलेल्या द्रवाचा पीएच एकदम घसरतो. हेपीस किंवा ट्रिस, १० टक्के ग्लिसरॉल, एका वेळी लागेल एवढीच छोटी नळी, द्रव नायट्रोजन किंवा कोरड्या बर्फ-इथेनॉलमध्ये झटपट, मग उणे ८०. वितळवलेली नळी परत गोठवू नका. वितळल्यावर वापरण्याआधी पुन्हा एकदा १५,००० जी ला फिरवा, वरचे द्रावण मोजा, आणि वहीतल्या गोठवण्याआधीच्या आकड्याशी ताडून पाहा.